कुठल्या चित्राने हात वळतो?

आमच्या थिएटरमध्ये दुर्बिणीच्या ट्रॉलीशेजारी स्टीलचा एक थर्मास ठेवलेला असतो. त्यात गरम सलाइन. ऑपरेशन सुरू झालं की थोड्या थोड्या वेळाने सर्जन स्कोप बाहेर काढतो, सिस्टर तो त्या गरम पाण्यात बुडवते, गॉजने टोक पुसते आणि परत हातात देते. एसीच्या गारव्यातला स्कोप छातीच्या उबेत शिरला की लेन्सवर वाफ धरते. कधी रक्ताचा थेंब उडतो, कधी चरबी जळल्याचा धूर बसतो. पडदा पांढुरका होतो आणि तेवढा वेळ सगळ्यांचे हात थांबतात. मी भूलतज्ज्ञ आहे, माझी जागा रुग्णाच्या डोक्याशी. पंचवीस वर्षं मी हे थांबणं बघते आहे. एवढ्या काळात कॅमेऱ्याच्या तीन पिढ्या येऊन गेल्या. थर्मास अजून लागतोच.

हे लिहायला कारण झालं ते गेल्या पावसाळ्यातलं. ओपीडीबाहेरच्या गर्दीत एका मुलाने मला गाठलं. आई संगमेश्वरकडची, साठीला आलेली, लहानपणापासून मिश्री लावणारी. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली होती. केमो आणि रेडिएशन झालं होतं, आता ऑपरेशन करायचं होतं. त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर एका खासगी रुग्णालयाची जाहिरात होती. थ्री-डी, फोर-के, रोबोटिक अशी सगळी अक्षरं ओळीने चमकत होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे साध्या दुर्बिणीने करतात, तिकडे रोबोटने. नालासोपाऱ्याची खोली विकली तर जमेल. विकू का?"

या प्रश्नाला घाईघाईत उत्तर देता येत नाही. आणि तो एकट्या त्या मुलाचाही नाही. मुंबईत महापालिकेची आणि सरकारी मोठी रुग्णालयं नवी यंत्रं घेतात तेव्हा लोकांचाच पैसा जातो, आणि तिथेही प्रश्न हाच असतो: कुठल्या चित्रासाठी किती मोजायचं?

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. पण ती ज्या बोळातून जाते तिथे हात घालायला जागाच नाही. पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे मणके, डाव्या अंगाला महाधमनी. पोटातल्या आतड्यावर बाहेरून जे गुळगुळीत आवरण असतं तेही हिला नाही, त्यामुळे गाठ भिंत ओलांडून शेजाऱ्यांना लवकर चिकटते. पूर्वी इथे पोचायला उजव्या बाजूने छाती उघडायची, बरगड्या फाकवायच्या आणि एक फुप्फुस मिटवून ठेवायचं. ऑपरेशन चांगलं व्हायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण न्यूमोनियात जायचा. बरगड्या इतक्या दुखायच्या की त्याला खोकताच येत नसे, आणि खोकला नाही म्हणजे कफ आतच. आयसीयूतल्या त्या रात्री मी विसरलेले नाही.

दुर्बिणीने हे बदललं. रुग्णाला पालथं झोपवून, छातीत बोटभर छिद्रं पाडून, हलक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडायचा. फुप्फुस आपोआप बाजूला सरकतं. युरोपात ११५ रुग्णांवर याची रीतसर तुलना झाली आणि २०१२ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या ऑपरेशनमध्ये २९ टक्क्यांना झाला, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ९ टक्क्यांना. फ्रान्समध्ये फक्त पोटातला भाग दुर्बिणीने आणि छाती उघडून असं २०७ रुग्णांवर पाहिलं. २०१९ मधल्या त्या निकालात मोठी गुंतागुंत ६४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आली. छाती किंवा पोट न फाडता आत बघता येणं हा खरा, मोजता येणारा फायदा आहे. ज्या सार्वजनिक रुग्णालयात अन्ननलिकेची ऑपरेशनं होतात तिथे ही सोय हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोंधळ होतो तो यापुढे. उघडं विरुद्ध दुर्बीण ही एक तुलना. साधी दुर्बीण विरुद्ध भारी दुर्बीण ही वेगळी. जाहिरात पहिल्या तुलनेचं श्रेय दुसरीला देते. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला रोबोटवर, म्हणजे सर्जन स्वतः बाजूला बसून चालवतो त्या यांत्रिक हातांवर, झालेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो: गुंतागुंत ८० टक्क्यांऐवजी ५९ टक्के. आकडे खरे आहेत. पण तिथे रोबोटची तुलना छाती उघडून केलेल्या ऑपरेशनशी होती, साध्या दुर्बिणीशी नव्हती. ती तुलना चीनमध्ये ३६२ रुग्णांवर झाली आणि २०२२ साली छापून आली. रोबोटने वेळ वाचला, सरासरी २४५ मिनिटांऐवजी २०४. गुंतागुंत जवळपास सारखीच राहिली. हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. हे चित्र पाहिल्यावर सर्जनचा हात दुसरीकडे वळतो का? जे चित्र बघून काही वेगळं ठरतं, त्याला पैसे द्यावेत. जे नुसतंच देखणं आहे ते नंतर बघू.

या कसोटीला फोर-के फारसं उतरत नाही. साध्या एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके, फोर-केवर सुमारे ८३ लाख. चित्र सुरेख दिसतं, पण त्यामुळे एखादं ऑपरेशन वेगळ्या वाटेने गेल्याचं मला आठवत नाही. लेन्स वाफाळली तर ८३ लाख ठिपक्यांचं धुकं दिसतं.

थ्री-डीचं तसं नाही, तिथे थोडं थांबायला हवं. सपाट पडद्यावर खोली कळत नाही. सुई किती आत गेली हे सर्जन सावलीवरून, हत्याराच्या हालचालीवरून ताडतो. ही ताडायची सवय वर्षांनुवर्षांच्या सरावाने येते. १९९८ साली पित्ताशयाच्या ६० ऑपरेशनांत थ्री-डी आणि साधा पडदा यांची तुलना झाली तेव्हा थ्री-डीचा काहीच फायदा दिसला नाही, उलट सर्जनच्या डोळ्यांवर ताण आला. ती यंत्रं जुनी होती. आताचा हलका चष्मा लावून पाच तास उभं राहता येतं. शिकाऊ डॉक्टरांचे टाके थ्री-डीवर लवकर आणि कमी चुकांनी बसतात, हे मी रोज बघते. म्हणून शिकवणाऱ्या रुग्णालयात थ्री-डी असावं असं माझं मत आहे. पण सरावलेल्या हाताला त्याने फार फरक पडत नाही, आणि रुग्णाच्या पदरात पडणारा फरक आणखी लहान असतो.

मोठं आणि स्थिर चित्र खरोखर कामी येतं ती एक जागा आहे. आवाजाची नस. डावीकडची नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेला बिलगून पुन्हा वर जाते. जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. आपल्याकडे आढळतो त्या प्रकारच्या, म्हणजे तंबाखू आणि दारूशी जोडलेल्या कॅन्सरमध्ये, आजार नेमका याच नसेच्या कडेच्या लसीका गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) पसरतो. गाठी काढायच्या तर नसेला अगदी लगटून जावं लागतं. नस ताणली किंवा भाजली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि तोच न्यूमोनिया दुसऱ्या दाराने परत येतो. रोबोटमधून दिसणारं मोठं, न हलणारं चित्र आणि मनगटासारखी वळणारी हत्यारं इथे उपयोगी पडतात, असं माझा एक तरुण सर्जन सहकारी आग्रहाने सांगतो. त्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. त्या कोपऱ्यात त्याचा हात काम करताना मी पाहिला आहे.

तरीही मला कुणी म्हटलं की मोजक्या पैशात एकच गोष्ट घे, तर मी रोबोट घेणार नाही. हिरवा रंग दाखवणारा कॅमेरा घेईन.

तो प्रसंग जसा घडतो तसा सांगते. रोगट अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी जठराचीच एक नळी करून वर मानेपर्यंत किंवा छातीत ओढून घेतात. या नळीला रक्त पुरवते ती उजव्या कडेने येणारी एकच धमनी. तिचं टोक, म्हणजे उरलेल्या अन्ननलिकेशी जिथे जोड द्यायचा तो भाग, धमनीपासून सगळ्यात लांब. तिथपर्यंत रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांतून झिरपत जातं. पुरेसं पोचलं नाही तर जोड सुटतो. छातीतला जोड सुटला तर लाळ आणि आम्ल हृदयाशेजारी पसरतात, आणि माणूस त्यात जाऊ शकतो. आणि नुसत्या डोळ्यांना ते टोक गुलाबीच दिसतं.

अशा वेळी सर्जन माझ्याकडे वळून "द्या" म्हणतो. इंडोसायनिन ग्रीनची छोटी कुपी असते, आत गडद हिरवी भुकटी. ती सलाइनमध्ये नाही, शुद्ध पाण्यातच विरघळवायची. मी ती शिरेतून सोडते आणि घड्याळ लावते. थिएटरचे दिवे मालवतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा कधी कधी क्षणभर घसरतो. त्या रंगामुळे यंत्र फसतं, हे माहीत असल्याने कुणी धावपळ करत नाही. कॅमेरा अवरक्त प्रकाशावर जातो, पडदा काळा होतो. काही सेकंदांनी धमनीच्या मुळाशी हिरवं उजळतं आणि ते नळीवरून वर चढू लागतं, भरतीचं पाणी वाळूवर चढावं तसं. एकदा ते टोकाच्या अलीकडे चार बोटांवर थांबलं. आम्ही सगळे बघत होतो. वरचा भाग काळाच राहिला. दिवे लावले तेव्हा तोच भाग निरोगी, गुलाबी दिसत होता. सर्जनने काही न बोलता तेवढा तुकडा कापला आणि जोड खाली घेतला. मी रक्तदाब थोडा वर ठेवला. त्या दिवशी चित्राने हात वळवला.

हा रंग नवा नाही. अमेरिकेत त्याला १९५९ पासून मान्यता आहे. यकृत तो तीन-चार मिनिटांत निम्म्यावर आणतं, त्यामुळे गरज पडली तर पुन्हा देता येतो. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी विचारून घ्यावं लागतं. कॅमेराही अनेक नव्या संचांत जोडूनच येतो. पुराव्याबाबत प्रामाणिक राहायचं तर चित्र संमिश्र आहे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये जपानच्या ८०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत जोड सुटण्याचं प्रमाण ११.८ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आलं. अमेरिकेतल्या तशाच एका चाचणीत फरक पडलाच नाही. कारण 'पुरेसं हिरवं' म्हणजे किती, हे अजून डोळ्यावरच ठरतं. जपानी सर्जननी ९० सेकंदांच्या आत उजळलेल्या भागातच जोड द्यायचा, असा नियम सुचवला. आमच्याकडे घड्याळ मी लावते ते याचसाठी. यंत्र घेऊन घड्याळ न लावणारेही आहेत, आणि मग तो रंग केवळ फोटोपुरता उरतो.

आणि काही चित्रांना यंत्रच लागत नाही. छातीतून अन्नरसाची एक बारीक, पारदर्शक वाहिनी जाते. ती नकळत कापली गेली तर पुढचे कितीतरी दिवस छातीत ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून दुधासारखा पाझर येत राहतो आणि रुग्ण खंगतो. आदल्या रात्री रुग्णाला दूध, साय किंवा तेल दिलं की सकाळी तीच वाहिनी पांढरी भरलेली, साध्या स्कोपमधूनही ओळखू येते. उपाशी ठेवायची वेळ सांभाळून हे करणं माझं काम, आणि त्याचा खर्च चहाच्या कपाएवढा.

थिएटरमधल्या या सगळ्या चित्रांआधी बाहेरची चित्रं येतात, आणि माझ्या कसोटीवर ती किती तरी पुढे आहेत. कॅन्सर अंगात कुठे पसरला ते दाखवणाऱ्या पेट-सीटी स्कॅनमध्ये यकृतात किंवा हाडात ठिपका दिसला तर ऑपरेशनच रद्द होतं. चाकूखाली जाण्याचा सगळा त्रास वाचतो. त्याहून मोठा बदल कुठला? मुंबईबाहेरचा रुग्ण त्या एका स्कॅनच्या तारखेसाठी नातेवाइकांच्या घरी, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, नाही तर परळच्या जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली थांबतो. तारीख आठवडाभर अलीकडे आली तर त्याच्या आयुष्यात जो फरक पडेल तो फोर-केने पडणार नाही.

२०१२ सालाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. त्या वर्षी दुर्बिणीची युरोपातली चाचणी आली. त्याच वर्षी नेदरलँड्समधूनच ३६६ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला: ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन दिलं तर जगण्याचा मध्य कालावधी २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेला, म्हणजे दुप्पट. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पहिल्या दोन गोष्टींचा लाभ आमच्या रुग्णांना मिळाला. तिसरीचं काय झालं ते कुठल्याही रेल्वे स्टेशनबाहेरच्या टपरीवर दिसतं.

आता त्या माउलीची गोष्ट. मी मुलाला विचारलं, पहिल्यांदा घास कधी अडकला? त्याला नेमकं आठवत होतं. शिमग्याला पुरणपोळी अडकली, पाणी पिऊन उतरवली. मग भाकरी जाईना, म्हणून ती चुरून खाऊ लागली. मग मऊ भात, मग पेज. दरम्यान गावात पित्ताच्या गोळ्या, तालुक्याला पित्ताचंच सिरप. पेज अडकायला लागली तेव्हा मुंबईला आणली आणि दुर्बिणीने तपासणी झाली. हे आदल्या वर्षीच्या आषाढात. शिमगा ते आषाढ, चार महिने. नळी बरीचशी चोंदल्याशिवाय घास अडकतच नाही, म्हणजे शिमग्यालाही उशीरच झाला होता. पण ती चित्रांतली सगळ्यात स्वस्त तपासणी, दहा मिनिटांची, तेव्हा झाली असती तर गाठ चार महिने लहान असती. भारतात २०२२ या एका वर्षात या आजाराचे नवे रुग्ण ७० हजारांच्या आसपास धरले गेले. त्यातले बहुतेक याच वाटेने येतात: पुरणपोळी, भाकरी, भात, पेज.

आणि इथे मुंबईच्या हातात एक गोष्ट आहे. आमच्या वॉर्डांत तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरलेले असतात. ज्या तंबाखूने गाल खाल्ला ती अन्ननलिकेवरही काम करत असते, त्यामुळे या लोकांना तिथे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका जास्त. तोंडाच्या ऑपरेशनसाठी भूल दिलेलीच आहे, माणूस टेबलावर आहे. त्याच वेळी स्कोप खाली घालून ल्यूगॉलच्या आयोडीनचा फवारा मारला तर निरोगी अस्तर तपकिरी होतं आणि रोगट डाग फिका उठून दिसतो. हल्लीच्या बऱ्याच एन्डोस्कोपमध्ये निळ्या-हिरव्या प्रकाशाचं बटणही असतं, त्यात तोच डाग उलट तपकिरी दिसतो. इतक्या लवकर सापडलेला डाग पुष्कळदा आतूनच खरवडून काढता येतो, छातीला छिद्रही न पाडता. केईएम, सायन, नायरसारख्या ठिकाणी हे नेमाने करायला नवी इमारत नको. आयोडीनची बाटली हवी, स्कोप हवा, आणि तो हाताळणारा माणूस रिकाम्या जागेवर नेमलेला हवा.

माझा तरुण सहकारी म्हणतो, मॅडम, तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात. मी नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात रोबोट असावा, नाही तर उद्याचे सर्जन तो खासगीकडे जाऊन, पैसेवाल्यांच्या रुग्णालयातच शिकतील. पण तो घेताना पुढची पाच वर्षं वर्षाला किती अन्ननलिका होणार, कोण करणार, हे आधी लिहून द्यावं. युरोपातल्या चार रुग्णालयांत ६४६ रुग्णांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की दुर्बिणीने हे ऑपरेशन शिकताना जोड सुटण्याचं प्रमाण सुरुवातीला १८.८ टक्के होतं आणि ११९ ऑपरेशनं झाल्यावर ४.५ टक्क्यांवर आलं. कुठल्याही कॅमेऱ्याने इतका फरक केल्याचं मी वाचलेलं नाही. वर्षाला पाच-सहा ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी कोट्यवधींचं यंत्र आणलं तर ११९ कधी गाठणार? आणि तोपर्यंतच्या रुग्णांचं काय? त्यापेक्षा मुंबईतली ही ऑपरेशनं दोन-तीन ठिकाणी एकवटावीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यातून पैसे देताना रुग्णालयाचा निकाल बघितला जावा. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग आजही करता येतं, पण जोड सुटल्यावर ते पुन्हा लावून बघायची सक्ती आमच्याकडे नाही. ती असावी.

त्या मुलाला मी केसपेपरच्या मागे चार प्रश्न लिहून दिले आणि सांगितलं, दोन्हीकडे विचारा, आम्हालाही विचारा. गेल्या वर्षी अन्ननलिकेची किती ऑपरेशनं झाली? त्यात जोड किती जणांचा सुटला? किती जणांचा आवाज गेला? किती जण घरी परतले नाहीत? तिकडून त्याला खोलीचं भाडं आणि पॅकेज कळलं. मग तो आमच्याकडे आला, आणि आमच्याकडेही ते आकडे तयार नव्हते. थिएटरचं रजिस्टर, वॉर्डाचं रजिस्टर आणि आयसीयूची वही शेजारी शेजारी ठेवून मी नावं जुळवत बसले. तीन संध्याकाळी लागल्या. आकडे एका कागदावर लिहून त्याच्या हातात दिले तेव्हा तो ओपीडीच्या बाकावर बसून ते बराच वेळ वाचत राहिला. मग विचारलं, हे बाहेर बोर्डावर का लावत नाही?